बेटावर किती माणसं?

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला की सदाशिव पेठेत कोकणाचे बेत सुरू होतात. या बेतांचे दोन पंथ आहेत. पहिला किल्लेवाल्यांचा. 1910 साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ याच पेठेत असल्यामुळे किल्ल्यांविषयी ठाम मत असणे हा इथल्या माणसाला आपला हक्कच वाटतो. दुसरा पंथ पाण्यात उतरणाऱ्यांचा. त्यांना मालवण म्हटले की स्कूबा, पॅरासेलिंग आणि डॉल्फिन आठवतात. दोघांचे गंतव्य मात्र एकच. द्वीपसमूह म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अंदमान किंवा लक्षद्वीप येते, पण मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यासमोर आपलाही एक छोटा, विस्कटलेला द्वीपसमूह आहे. कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग, त्याच्या शेजारचा पद्मगड, देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथले वाळूचे पट्टे, निवतीसमोर समुद्रात उभे असलेले वेंगुर्ला रॉक्स. आणि विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, पाण्याखाली बुडालेले आणि कान्होजी आंग्र्यांचे नाव मिरवणारे आंग्रिया बँक. या बेटांवर आपण जावे का, आणि जायचे तर कसे, या प्रश्नावर पेठेतले दोन पंथ हिरिरीने भांडतात. त्यांचे भांडण नीट ऐकू यावे म्हणून मी एक काका आणि त्यांची पुतणी असे दोन वादी कल्पनेने उभे केले आहेत. काका बँकेतून निवृत्त झालेले, सह्याद्री पायाखाली घातलेले; पुतणी आयटीतली, पाण्याखाली उतरण्याचे प्रमाणपत्र मिळवलेली. मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. दोघेही एका साध्या प्रश्नाला बगल देतात, आणि तो प्रश्न आकड्याचा आहे, असे माझे म्हणणे आहे.

काका म्हणतात : "अगं, 25 नोव्हेंबर 1664 ला मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून महाराजांनी या किल्ल्याचं काम सुरू केलं. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली तीन वर्षांत समुद्रात किल्ला उभा राहिला. तट बेटाच्या आकाराप्रमाणे नागमोडी फिरवला, पायाच्या चिऱ्यांत शिसं ओतलं, आणि चारी बाजूंना खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींना गोडं पाणी आहे. राजाराम महाराजांनी तिथं शिवरायांचं मंदिर बांधलं. चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे नि पायाचे ठसे आहेत. अशा जागी माणूस हात जोडून जातो. आता काय चाललंय? होडीतून उतरायचं, दर्शन दहा मिनिटांत, फोटो अर्ध्या तासात, की परत पळायचं, कारण पुढं स्कूबाची वेळ घेतलेली असते. आणि ते स्कूबा तरी काय? पोहता न येणाऱ्याला पकडून पाण्याखाली नेतात, माशांना पाव टाकून गोळा करतात आणि व्हिडिओ काढून देतात. खाली प्रवाळ आहेत, ते जिवंत आहेत, हे कुणी सांगतं का? हा सगळा भाग 1987 सालीच सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालाय. मग अभयारण्यासारखा वागवा. किल्ला दर्शनापुरता खुला ठेवा आणि पाण्यातली ही जत्रा बंद करा."

पुतणी गप्प बसणाऱ्यांतली नाही : "काका, बंद करून काय होतं ते 1987 पासून दिसतंय की. अभयारण्य जाहीर झालं ते कागदावर. गाभा क्षेत्र तीन चौरस किलोमीटरच्या आसपास, एकूण क्षेत्र एकोणतीसच्या आसपास, असा नकाशा तयार झाला. पण ज्यांची होडी रोज त्या पाण्यात जाते त्या मच्छीमारांना वाटलं, आता आपली मासेमारी बंद होणार. त्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला, आणि बरोबरच केला. विश्वासात न घेता आखलेली रेघ समुद्रावर टिकत नाही. 1997 ला सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला. पुढं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं किनाऱ्यावरच्या जैवविविधतेचा प्रकल्प आला, गावातली पोरं डायव्हिंग शिकली, तारकर्लीला पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्था उभी राहिली. ज्याच्या बापानं प्रवाळ म्हणजे जाळं फाडणारा दगड एवढंच ओळखलं, तो मुलगा आज त्याच्या जाती सांगतो. पर्ससीनच्या बोटींनी किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकरांच्या ताटातला घास ओढला. राज्य सरकारला 2016 साली त्यांच्यावर निर्बंध घालावे लागले, तरी तंटा मिटलेला नाही. अशा वेळी घरात दुसरं उत्पन्न कुठून येतं? न्याहारी-निवासातून, होडीतून, स्कूबातून. आणि तुमचंच उदाहरण घ्या. राजगड चढलात म्हणून राजगडाची काळजी वाटते तुम्हाला. पाण्याखाली डोकं न घातलेल्या माणसाला प्रवाळाची काळजी कुठून वाटणार?"

दोघांचेही बोलणे ऐकताना मान डोलते, आणि तिथेच घोटाळा होतो. काकांना किल्ल्यावर भक्तिभावाने आलेले शंभर लोक चालतील, पाण्यात उतरलेले शंभर चालणार नाहीत. पुतणीला पाण्यातले शंभर चालतील, आणि शंभराचे हजार झाले तरी तिच्या युक्तिवादात काही अडत नाही. माणूस कशासाठी आला यावर दोघांचा भर आहे. किती आले हे कुणी विचारत नाही. बेटावर मात्र प्रश्न किती याचाच असतो. मुख्य भूमीवर गर्दी पसरते. सिंहगडावर जागा नसेल तर माणूस खडकवासल्याला थांबतो. बेटाला अशी पसरायला जागा नसते. धक्का एक, होड्या मोजक्या, पाण्याखालच्या खडकाचा उथळ भाग मोजका, सांडपाण्याची व्यवस्था मोजकी. किल्ल्याचे कुरटे बेट सुमारे अठ्ठेचाळीस एकरांचे आहे आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी काही कुटुंबेही आहेत. येणाऱ्याचा भाव शुद्ध असला तरी त्याचे वजन कमी होत नाही.

या आकड्याचा हिशेब आपल्याकडे कधी होतो? अपघात झाल्यावर. 24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली. बोटीत वीस पर्यटक होते, दोन मृत्युमुखी पडले. पावसाळ्यासाठी पर्यटकांची जलवाहतूक बंद व्हायला तेव्हा फार दिवस उरले नव्हते. 18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीने धडक दिली आणि पंधरा माणसे गेली. धडक देणारी बोट दुसऱ्याची होती, हे खरेच. पण त्यानंतर पुढे आलेली गोष्ट अशी की चौऱ्याऐंशी प्रवासी आणि सहा कर्मचारी एवढी परवानगी असलेल्या त्या बोटीत शंभराहून अधिक लोक होते, आणि जीवरक्षक जॅकेट सगळ्यांच्या अंगावर नव्हते. बोटीत किती माणसे होती, हा प्रश्न दुर्घटनेनंतर सगळ्यांत आधी विचारला जातो. तो होडी सुटण्याआधी विचारला गेला असता तर शोधकार्याला निदान खरी यादी तरी मिळाली असती.

पाण्याखाली तर मोजायला कुणीच बसलेले नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2020 साली मालवणच्या अभयारण्यातल्या हौशी डायव्हिंगवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. डायव्हिंगमुळे प्रवाळाची मोडतोड होते आहे आणि तिची जबाबदारी कुणावरच येत नाही, असा त्याचा रोख होता. प्रवाळ वाढतात ते वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर. त्यावर एक पाय रोवला, एक नांगर पडला, एक शिडी टेकली, की पंचवीस वर्षांची वाढ एका सकाळी जाते. नांगराऐवजी कायमचे तरंगते बोये बांधणे, पाय न टेकता तरंगायला शिकवल्याशिवाय कुणाला खाली न नेणे, एका वेळी एका खडकाभोवती ठरावीकच लोक ठेवणे, हे जगभर रूढ झालेले उपाय आहेत. यांत अवघड तंत्रज्ञान कुठेच नाही. कुणीतरी नाही म्हणावे लागते, एवढेच.

पुतणी इथे मला अडवेल, आणि तिने अडवावेच. "समुद्र तापतोय. प्रवाळ पांढरे पडतात ते पाण्याच्या तापमानानं. पुण्याहून आलेल्या चार पोरांच्या पायांनी नव्हे. शिवाय ट्रॉलर तळ खरवडतात, पर्ससीन माशांचे थवेच्या थवे उचलतात, त्यांना मोकळं सोडून पर्यटकाच्या मागे का लागता?" तापमानवाढीविषयी ती बरोबर बोलते. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. उन्हाच्या झळेने आजारी पडलेल्या प्रवाळाला सावरायला शांतता लागते. त्याच हंगामात त्याच्यावर पाय पडले तर तो सावरत नाही. समुद्राचे तापमान मालवणकरांच्या हातात नाही, होड्यांची संख्या आहे. जे हातात आहे ते आधी करावे. मोठ्या मासेमारी बोटींचा मुद्दाही खरा, पण एकाचा अपराध दुसऱ्याची सबब होऊ शकत नाही. रापणकरांची तक्रार ऐकायची असेल तर त्यांच्या घरासमोरच्या पाण्यात आपण नवा ताण आणू नये.

काकांचे "बंद करा" याहून मोहक आहे, कारण ते सोपे आहे. त्याचे सगळ्यांत चांगले उदाहरण थायलंडमधल्या माया बे या खाडीचे. 2000 साली आलेल्या द बीच या चित्रपटाने ती जगप्रसिद्ध झाली, पुढे रोज पाच हजारांपर्यंत माणसे येऊ लागली, आणि जून 2018 मध्ये सरकारने ती बंद केली. साडेतीन वर्षांत काळ्या टोकांच्या पंखांचे शार्क उथळ पाण्यात परतले. काका म्हणतील, पाहा, बंद केल्यावरच परतले. पण गोष्ट पुढेही आहे. जानेवारी 2022 मध्ये खाडी पुन्हा उघडली ती नव्या अटींवर. बोटी आत येत नाहीत, बेटाच्या मागच्या बाजूने उतरून लाकडी वाटेने चालत यावे लागते, एका वेळी पावणेचारशेच माणसे आत असतात आणि दर वर्षी काही आठवडे खाडीला विश्रांती मिळते. बंदीने प्रवाळाला श्वास दिला, टिकवले मात्र मर्यादेने. कायमची बंदी घातली असती तर बोटवाल्यांनी ती रात्रीच्या अंधारात मोडली असती. आपल्याकडच्या 1987 च्या रेघेचे काय झाले ते पुतणीने सांगितलेच.

परदेशी कशाला, पुणेकराला मर्यादेची सवय साताऱ्यातच लागली आहे. कास पठार 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या पश्चिम घाटाचा भाग. तिथे फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आहे, नोंदणी आधी करावी लागते, आणि व्यवस्था आसपासच्या गावांच्या समित्या वन विभागासोबत पाहतात. कासमध्ये सगळे आलबेल आहे असे नाही. कुंपणावरून, शनिवार-रविवारच्या कोंडीवरून वाद झालेच आहेत. तरीही नोंदणी मिळाली नाही म्हणून पुणेकराने कासकडे पाठ फिरवली, असे घडलेले नाही. तो पुढच्या मंगळवारची नोंदणी करतो. आणि सदाशिव पेठेने मर्यादेविरुद्ध तक्रार करावी, यात तर मोठीच गंमत आहे. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवून गिऱ्हाईकाला परत पाठवणाऱ्या गावाने समुद्राला आणि बेटाला विश्रांतीचा हक्क नाकारावा, हे शोभणारे नाही.

आता सगळ्यांत जड आक्षेप. मर्यादा घातली की दर वाढतो, आणि बेट श्रीमंतांचे होते. गॅलापागोसला हेच झाले. इक्वेडोरने 1 ऑगस्ट 2024 पासून परदेशी प्रवाशांचे प्रवेशशुल्क शंभर डॉलरवरून दोनशेवर नेले. आपल्याकडे हा मार्ग मुळीच चालणार नाही, आणि चालूही नये. सिंधुदुर्ग हा काही विलासी रिसॉर्ट नाही. शाळेच्या सहलीतला मुलगा, एस.टी.ने आलेले वारकरी जोडपे, कोल्हापूरच्या कारखान्यातला कामगार यांना तिथे खिशाकडे पाहावे लागू नये. म्हणून मर्यादा आकड्याने घालावी, पैशाने नव्हे. तिकीट जितके स्वस्त आहे तितकेच राहावे. दिवसाच्या जागा ठरवाव्यात, त्यांतला एक हिस्सा शाळांना आणि एक हिस्सा जिल्ह्यातल्या लोकांना राखून ठेवावा, बाकीच्यांना नोंदणीच्या क्रमाने मिळाव्यात. काका लगेच म्हणतील, "महाराजांच्या दर्शनाला रांग लावायची?" पंढरपूरला, तिरुपतीला रांग लागते आणि तिने भक्ती कमी होत नाही. जुलै 2025 मध्ये सिंधुदुर्गासह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आता गर्दी वाढणार, हे सांगायला कुणा ज्योतिषाची गरज नाही.

होडीवाल्याचे काय, हा पुतणीचा प्रश्न उरतो आणि तो सगळ्यांत महत्त्वाचा आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होडीवाल्याला जेवायला फुरसत नसते आणि फेब्रुवारीतल्या मंगळवारी तो किनाऱ्यावर पत्ते कुटत बसलेला असतो. मर्यादा आली तर डिसेंबरच्या गर्दीचा काही भाग फेब्रुवारीकडे सरकेल. वर्षाचे उत्पन्न घटण्याऐवजी सपाट होईल. दुसरे असे की मालवणात पैसा राहतो तो माणसांच्या संख्येपेक्षा मुक्कामाच्या रात्रींवर. सकाळी येऊन किल्ला, स्कूबा, डॉल्फिन उरकून संध्याकाळी गोव्याकडे निघालेल्या बसने गावाला काय दिले? दोन वेळचे मासे आणि चार प्लॅस्टिकच्या बाटल्या. तीन रात्री राहणारे कुटुंब खानावळवालीला, रिक्षावाल्याला, सोलकढीचे आगळ विकणाऱ्या बाईला, रापण ओढणाऱ्यांना, सगळ्यांना काहीतरी देऊन जाते. आणि वाटणीचे नवे शास्त्रही शिकायला नको. रापणीत जाळे एकत्र ओढतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. किल्ल्याच्या होड्यांचीही संघटना आहेच. डायव्हिंगवाल्यांनी फेऱ्या पाळीने वाटून घेतल्या तर एकाच खडकावर दहा बोटींची झुंबड उडायचे कारण उरत नाही.

मग मोजायचे कुणी? काकांचा टोमणा तयार आहे : "गावानं मोजायचं? कुंपणच शेत खाईल." गावातल्या पुढाऱ्याचा मेहुणा पॅरासेलिंगची बोट चालवत असेल, हे मलाही माहीत आहे. पण गाव म्हणजे एक माणूस नव्हे. मालवणात डायव्हिंगवाला आणि रापणकर यांचे हित वेगळे आहे. एकाला पर्यटक हवे, दुसऱ्याला खडकाच्या आडोशाला वाढणारी मासळी हवी. होडीवाला आणि पॅरासेलिंगवाला यांचेही पटत नाही. या भांडणाचाच उपयोग करावा. आकडा ठरवणाऱ्या समितीत या सगळ्यांना बसवावे, वन विभागाने आणि मेरिटाइम बोर्डाने आपला वैज्ञानिक नि सुरक्षेचा भाग सांगावा, आणि रोजचा आकडा जेट्टीवर फळ्यावर लिहावा : आज परवानगी इतकी, गेले इतके. फळ्यावरचा आकडा खोटा असेल तर समोरचा प्रतिस्पर्धीच तो पुसायला लावेल. मुंबईत बसून ठरवलेल्या आकड्याला हा पहारा मिळत नाही.

सगळीकडे एकच आकडाही नको. वेंगुर्ला रॉक्सवर पाकोळ्यांची घरटी आहेत, परदेशात सूपासाठी विकली जाणारी. या शतकाच्या सुरुवातीस ती चोरीला जात होती. वन विभाग आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने पहारा बसवल्यावर चोरी थांबली. तिथे पर्यटकांसाठी आकडा शून्य असावा, बोटीतून लांबून पाहावे. आंग्रिया बँकेत जायचे तर मोठे जहाज, प्रशिक्षित पाणबुडे आणि दिवसभराचा प्रवास लागतो. तिथे गर्दी होण्याआधीच नियम करण्याची दुर्मीळ संधी आपल्याला आहे. आणि निवतीजवळ नौदलातून निवृत्त झालेले गुलदार जहाज समुद्रतळाशी बसवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याची जी योजना आखली गेली, तिच्याबद्दल काका आणि पुतणी दोघेही चुकतात. पुतणीला वाटते, नवे आकर्षण म्हणजे नवे पैसे. काकांना वाटते, आणखी एक जत्रा. नवशिक्यांना उतरवायला बुडालेले जहाज मिळाले, तर नैसर्गिक प्रवाळाला विसावा मिळू शकतो. त्यासाठी एकच अट : जहाज सुरू होताच किल्ल्याभोवतालच्या खडकांवरच्या फेऱ्या तेवढ्याने कमी व्हाव्यात. दोन्हीकडे वाढल्या तर काकांचे म्हणणे खरे ठरेल.

शासनाने हे सगळे कधी करावे, याची वाट पाहायला पेठेतल्या वाचकाला कारण नाही. कोकणातल्या पर्यटनात पुण्याच्या पैशाचा वाटा मोठा आहे, आणि गिऱ्हाईक काय विचारते त्याप्रमाणे दुकान बदलते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्याचे आरक्षण केले असेल तर ते जानेवारीतल्या मंगळवार-बुधवारवर न्या. एका दिवसाऐवजी तीन रात्री राहा. आणि मालवणला फोन लावाल तेव्हा दर नंतर विचारा. आधी विचारा की बोटीला परवानगी किती माणसांची आहे, तुमच्यासह किती जण असतील, आणि पाण्याखाली एका वेळी किती जणांना नेता. उत्तर गुळमुळीत आले तर दुसऱ्याला फोन लावा.